फळीचं टोक

माझ्याकडे एका पेटीचं फुटलेलं झाकण आहे. नऊ वर्षं झाली, मी ते टाकून दिलेलं नाही. मधोमध, एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली चीर, आणि खालच्या बाजूला दोन आडव्या पट्ट्या, गेल्या महिन्यापर्यंत घट्ट बसलेल्या. फळी फुटली, पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत. ती चीर पडली त्या रात्री घरात काडकन आवाज झाला होता आणि मी दचकून उठले होते. सकाळी पेटी बघेपर्यंत तो आवाज लाकडाचा असेल हे डोक्यातही आलं नव्हतं.

ती फळी मी स्वतः निवडली होती, पन्नास फळ्या उलटसुलट करून. गाठ नाही, डाग नाही, रुंदी जवळपास अकरा इंच, आणि दर्शनी बाजूवर ज्योतीसारखी एकावर एक चढत गेलेली नक्षी. वखारीत एक वयस्कर सुतारकाका आपल्या कामासाठी लाकूड बघत होते. माझ्या हातातली फळी पाहून ते म्हणाले, "दर्शनी बाजू काय बघताय ताई, टोक बघा." मी टोक बघितलंही. करवतीचे ओरखडे आणि थोडी धूळ, यापलीकडे मला काही दिसलं नाही. "छान आहे," म्हणून मी फळी बाजूला काढून ठेवली. काकांनी पुन्हा काही सांगितलं नाही.

तेव्हापासून मी घरच्या घरी बऱ्याच गोष्टी केल्या. लोकरीच्या कपड्यांच्या पेट्या, खिडकीतली झाडं ठेवायला खोकी, कपाटातल्या खणांच्या तळाच्या पातळ फळ्या, एक बाक. यातलं बहुतेक सगळं सीडरचं. त्या झाकणाने मला जे शिकवलं ते मात्र एका दमात कळलं नाही, तुकड्या-तुकड्याने कळलं.

पहिला तुकडा नावाचा. मी वखारीत जाऊन "सीडर द्या" म्हटलं होतं. माझ्या मनात होतं ते कपड्यांच्या पेटीचं वासाचं लाकूड, ज्याने कसर लांब राहते म्हणतात ते. मिळालं दुसरंच. यात फसवाफसवी नव्हती, मीच अर्धवट मागितलं होतं. सीडर हे एका झाडाचं नाव नाही. वनस्पतिशास्त्रात सिड्रस या प्रजातीतली झाडं तेवढी खरी सीडर: हिमालयातला देवदार, लेबनॉनचा सीडर, ॲटलास पर्वतातला सीडर आणि सायप्रसमधला त्यांचा छोट्या पानांचा भाऊबंद. बाकीच्यांना हे नाव वासामुळे चिकटलं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा वेस्टर्न रेड सीडर हा थुजा, म्हणजे वेगळ्याच प्रजातीतला. पूर्वेकडचा ईस्टर्न रेड सीडर तर चक्क जुनिपर. सिगारच्या डब्यांसाठी नावाजलेला स्पॅनिश सीडर ना स्पेनचा, ना सूचिपर्णी. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, मॅहॉगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातला.

मराठीत तर आणखी एक गुंता आहे. देवदारु म्हणजे देवांचं लाकूड, एवढं मोठं नाव. पण "देवदारी खोकं" म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते सामान बांधून पाठवायचं हलकं, खिळे वर आलेलं खोकं. त्यातलं बरंचसं लाकूड चीड (पाइन) किंवा तसलंच काही असतं, देवदाराशी त्याचा संबंध नसतो. खऱ्या देवदाराची फळी पहिल्यांदा हातात आली तेव्हा मला या शब्दाबद्दल वाईट वाटलं. पिवळसर तपकिरी, तेलकट अंगाची, रंधा फिरवताच राळेचा दाट वास सोडणारी ती फळी खोक्याच्या जातीची मुळीच नव्हती.

तेव्हा आता मी आधी ठरवते ते काय करायचंय, आणि मग कुठलं सीडर. माझ्या झाकणाची फळी वेस्टर्न रेड सीडरची होती. हे लाकूड इतकं हलकं की पहिल्यांदा उचलताना हात अंदाजापेक्षा वर जातो. वाळलेल्या लाकडाचं वजन घनमीटरला साधारण 370 किलो, म्हणजे सागवानाच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त. सरळ रेषांचं, करवतीला सोपं, ऊन-पावसात टिकणारं. पण मऊ. नखाने दाबलं तरी खूण उमटते. (खोलगट खूण पडलीच तर तिच्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवावी, दबलेले तंतू फुगून बऱ्यापैकी वर येतात. तुटलेले मात्र येत नाहीत.) याचं जेवणाचं टेबल करू नये, पुस्तकांची लांब फळीही करू नये, ती मधे झोळी धरते. झाडांची खोकी, बाहेरचा बाक, भिंतीचं अस्तर, मधमाश्यांच्या पेट्या यासाठी मात्र याच्यासारखं लाकूड विरळा. आवाजासाठीही. 1960 च्या दशकापासून क्लासिकल गिटारच्या वरच्या, आवाज घुमवणाऱ्या फळीसाठी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या जोडीने हे लाकूड वापरात आलं, आणि आजही अनेक कारागीर ते निवडतात.

ईस्टर्न रेड सीडर म्हणजे कपड्यांच्या पेटीतलं लाकूड. जांभळट लाल गाभा, त्यात मलईच्या रंगाचे पट्टे, गाठीच गाठी. झाड फार मोठं होत नाही, म्हणून फळ्या अरुंद आणि आखूड. वजनाला वेस्टर्नपेक्षा बरंच भारी आणि नखाला दाद न देणारं. आणि वास? पेन्सिलीला टोक करताना येतो तोच. पेन्सिली पूर्वी याच लाकडाच्या होत, पुढे त्याची जागा इन्सेन्स सीडरने घेतली. पण या वासाने कसर मरते हे अर्धंच खरं आहे. या लाकडाच्या तेलाचा त्रास होतो तो अगदी लहान, नुकत्या बाहेर पडलेल्या अळ्यांना. मोठ्या अळ्या आणि अंडी तशीच राहतात, आणि काही वर्षांत वासही उतरतो. म्हणून पेटी कितीही सुवासिक असली तरी लोकरीचे कपडे धुऊन, नीट वाळवूनच आत ठेवावेत, आणि दोन-तीन वर्षांनी पेटीची आतली बाजू बारीक पॉलिश पेपरने घासावी. वरचा मिटलेला थर निघाला की वास परत येतो. आतून व्हार्निश कधीच लावू नये. एक तर वास कोंडतो, शिवाय या लाकडाच्या तेलाने व्हार्निश मऊ पडून कपड्यांना चिकटतं.

आता टोक.

फळीच्या टोकावर झाडाची वर्षं दिसतात. आता मी खिशात बारीक पॉलिश पेपरचा तुकडा ठेवते आणि वखारीत विचारून टोकाचा बोटभर भाग घासते. ओरखडे गेले की वाढीच्या कड्या स्पष्ट दिसू लागतात. त्या कड्या फळीच्या दर्शनी बाजूला काटकोनात उभ्या आहेत, की टोकावर कमानीसारख्या आडव्या झोपल्या आहेत, एवढं आधी बघायचं. माझ्या झाकणावर त्या कमानीसारख्या होत्या. ज्योतीची ती सुरेख नक्षी त्यामुळेच उमटली होती, आणि फळी फुटायला निम्मं कारणही तेच होतं.

लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आक्रसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्यापासून सालीच्या दिशेने थोडं, आणि कड्यांच्या वळणाला धरून सगळ्यात जास्त. वेस्टर्न रेड सीडर पूर्ण ओलं असताना आणि पूर्ण कोरडं केल्यावर मोजलं तर गाभ्याकडून सालीकडे साधारण 2.4 टक्के आक्रसतं आणि कड्यांच्या दिशेने 5 टक्के. हे आकडे ओकसारख्या लाकडापेक्षा बरेच कमी आहेत, म्हणून तर सीडर शांत लाकूड मानतात. पण शांत म्हणजे निश्चल नव्हे. माझी फळी आणली तेव्हा बहुधा 16 टक्क्यांच्या आसपास ओलावा असेल, घरातल्या कोरड्या दिवसांत तो 8 वर आला असेल. अकरा इंचांच्या रुंदीत हा हिशोब साडेतीन मिलिमीटरच्या वर जातो. उभ्या कड्यांची फळी असती तर दीड-पावणेदोन मिलिमीटरवर भागलं असतं.

शिवाय आडव्या कड्यांची फळी वाळताना त्या कड्या जणू सरळ व्हायला बघतात, आणि सालीकडची बाजू पन्हळीसारखी खोलगट होते. मी सालीकडची बाजू वर ठेवली होती, कारण नक्षी तिकडे जास्त चांगली होती. झाकण वाकू नये म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या लावल्या, गोंद आणि सहा-सहा स्क्रू. फळीला आक्रसायचं होतं, पट्ट्यांची लांबी फळीच्या रुंदीवर आडवी असल्यामुळे त्या आक्रसणार नव्हत्या. दोघांच्या ओढाताणीत एका रात्री फळी मधोमध फाटली. पट्टीतली भोकं लांबट ठेवून फळीला सरकायला जागा दिली असती, गोंद लावलाच नसता, तर ती थोडी वाकली असती पण फुटली नसती. पण हे पट्ट्यांचं झालं. मुळात मी ओल्या, आडव्या कड्यांच्या, एकाच रुंद फळीचं झाकण करायला निघाले होते. पुढचं सगळं त्या निवडीतून आलं.

आता मी ओलावा मोजायचं छोटं यंत्र बरोबर नेते. घरात राहणाऱ्या वस्तूला 8 ते 12 टक्के असलं की बरं वाटतं. यंत्र नसेल तर एकाच जाडी-रुंदीच्या दोन-तीन फळ्या एकापाठोपाठ उचलून बघाव्या, ओली फळी हाताला चटकन कळते. गालाला लावली तर गारही लागते. आणि आकडा काहीही आला तरी फळ्या घरी आणून जिथे वस्तू राहणार तिथेच रचून ठेवायच्या, प्रत्येक दोन थरांमध्ये समान जाडीच्या पट्ट्या घालून, म्हणजे चारही बाजूंनी हवा खेळते. दोन-तीन आठवडे तरी. हा काळ मला सगळ्यात जड जातो, कारण वास सगळ्या खोलीत भरून राहतो आणि हात शिवशिवतात. पण या दिवसांत ज्या फळ्या वाकायच्या त्या वाकतात, ज्यांना पीळ यायचा त्यांना येतो, आणि ते पेटीत व्हायच्या ऐवजी जमिनीवर होतं.

वखारीतही प्रत्येक फळी डोळ्याशी धरून बघायची. एक डोळा मिटायचा, एक टोक गालाशी घ्यायचं आणि कडेवरून नजर दुसऱ्या टोकापर्यंत सरळ न्यायची. लांबीत धनुष्यासारखी वाकलेली फळी मी टाकत नाही, तिचे आखूड तुकडे केले की वाक जवळजवळ उरत नाही. पन्हळ धरलेली रुंद फळी उभी चिरून अरुंद पट्ट्या करता येतात. पिळलेली फळी मात्र परत ठेवते. चार कोपऱ्यांतला एक जमिनीला टेकत नाही, आणि रंध्याने सपाट करत गेलं तर इंचाची पाऊण, पाऊणची अर्धी होते. शिवाय काही महिन्यांनी ती पुन्हा पिळणार नाही याची खात्री कोण देणार? जिच्या टोकावर झाडाचा अगदी मधला टिपका दिसतो अशी फळीही नको, ती तिथूनच चिरते.

गाठींबद्दल माझं मत पुरतं बदललं. पूर्वी मी गाठ दिसली की फळी बाजूला सारायचे. गाठ म्हणजे फांदीचा खोडात गाडला गेलेला बुंधा. फांदी जिवंत असताना खोड तिच्याभोवती वाढलं तर दोघांचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, ही जिवंत गाठ, ती फळीशी एकजीव असते. फांदी आधीच वाळली आणि खोड तिला गिळत गेलं तर मधे सालीची काळी कड राहते. ही मेलेली गाठ, लाकूड वाळलं की खिळखिळी होते आणि कधीतरी गळून पडते. म्हणून गाठीभोवती काळी रेघ आहे का ते बघायचं, अंगठ्याने दाबून बघायचं, पलीकडून टिचकी मारायची. घट्ट जिवंत गाठ फळीच्या मधे असेल तर मला ती हवीच असते. ईस्टर्न रेड सीडरमध्ये गाठ टाळणार म्हटलं तर लाकूडच मिळायचं नाही. फक्त कडेला, सांध्याच्या जागी किंवा स्क्रू जिथे येणार तिथे गाठ नको. गाठीभोवती रेषा वळसा घेतात, रंधा तिथे उचकतो आणि पटाशी घसरते.

झाडांची खोकी किंवा बाहेरचा बाक करायचा असेल तर आणखी एक बघायचं: फळीत गाभ्याचं लाकूड किती आणि सालीलगतचं पांढरट लाकूड किती. सीडर कुजत नाही असं सरसकट म्हणतात, पण हा गुण गाभ्याचा आहे. झाड म्हातारं होताना गाभ्यात जी द्रव्यं साठवतं त्यांनी बुरशी आणि कीड दूर राहते. पांढऱ्या पट्ट्यात ती नसतात. माझ्या पहिल्या खोक्याची एक बाजू तीन वर्षांत खालून भुसभुशीत झाली, बाकीच्या तीन आजही ठणठणीत आहेत. त्या एका फळीला चार बोटं पांढरी कड होती आणि मी ती मातीकडे लावली होती, वर दिसू नये म्हणून.

लाकूड किती टिकू शकतं याचा विचार करताना मला नेहमी प्राचीन इजिप्तचा राजा खुफू याचं जहाज आठवतं. 1954 साली गिझाच्या मोठ्या पिरॅमिडशेजारी दगडी शिळांखाली एक बंद खड्डा सापडला. त्यात एक अख्खं जहाज सुटे भाग करून ओळीने रचून ठेवलेलं होतं. 1,224 तुकडे, बहुतेक लेबनॉनच्या सीडरचे, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. जोडल्यावर लांबी भरली 43 मीटरच्या वर. फळ्या दोऱ्यांनी शिवल्यासारख्या एकमेकींना बांधायच्या अशी त्याची रचना. कोरड्या, बंद खड्ड्याने ते जपलं हे खरंच. पण माझं मन त्याच्याही मागे जातं. कुणीतरी ओंडक्यांच्या ढिगापाशी उभं राहून ही फळी घ्यायची, ती नको, असं ठरवलं असेल. त्याने नजर कडेवरून सरळ नेली असेल. दोरी ओवायच्या भोकाजवळ गाठ येत नाही ना ते पाहिलं असेल.

कड्या मोजायचा नाद मला असाच लागला. एकदा वेस्टर्न रेड सीडरची एक बारीकशी फळी उरली होती, तिचं टोक गुळगुळीत करून सुईने एक-एक कडी मोजत गेले. एका इंचात सव्वीस. म्हणजे त्या झाडाचं खोड सव्वीस वर्षांत एका बाजूने एक इंच जाड झालं. मधे पाच-सहा कड्या इतक्या चिकटलेल्या होत्या की भिंग घ्यावं लागलं. ती वर्षं झाडाला कठीण गेली असणार, पाऊस कमी असेल किंवा शेजारच्या झाडाची सावली पडली असेल. मग एकदम कड्या रुंद होतात, जणू वरचं आभाळ मोकळं झालं. शेजारचं झाड पडलं असेल का? ही झाडं हजार वर्षांच्या वरही जगतात. तेव्हापासून फळी कापताना मी दोनदा नव्हे, तीनदा मोजते. चुकीचा काप म्हणजे नुसतं लाकूड वाया जाणं राहिलेलं नाही माझ्यासाठी.

दोन गोष्टी थोडक्यात. एक, सीडरचा भुसा नाकात जाऊ देऊ नका. वास कितीही गोड असला तरी वेस्टर्न रेड सीडरच्या भुशातल्या प्लिकॅटिक आम्लाने दमा जडतो, या लाकडावर रोज काम करणाऱ्यांमध्ये तो आजार ओळखीचा आहे. घासताना चांगला मास्क हवा आणि शक्यतो उघड्यावर बसावं. दुसरी, लोखंड. एका संध्याकाळी मी घासून तयार केलेल्या फळीवर ओली लोखंडी पट्टी विसरले. सकाळी पट्टी उचलली तर खाली निळा-काळा, रेखीव पट्टा. लाकडातली द्रव्यं आणि लोखंड यांना पाणी मिळालं की असं होतं. ऑक्झॅलिक आम्लाने तो डाग निघाला, पण बाहेरच्या कामाला तेव्हापासून स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू वापरते. टोकाजवळ स्क्रू लावायचा असेल तर आधी भोक पाडते, नाहीतर सीडर लगेच चिरतं.

पेटीचं दुसरं झाकण मी त्यानंतर वर्षभराने केलं. या वेळी ईस्टर्न रेड सीडर, चार अरुंद फळ्या, चारही उभ्या कड्यांच्या, कडेला कड जोडून. एका फळीत बरोबर मधे बदामाएवढी जिवंत गाठ आहे. जुळवताना मी चार तास फळ्या फिरवत बसले होते. हिचा लाल पट्टा तिच्या लाल पट्ट्याशेजारी, पांढरे पट्टे बाहेरच्या कडांना. गाठीची फळी कडेला सारून बघितली, मधे आणून बघितली, शेवटी मधेच ठेवली. खालच्या पट्ट्यांना लांबट भोकं आहेत. आठ वर्षांत झाकण हवेप्रमाणे थोडं फुगलं, थोडं आक्रसलं, पण मिटताना अडलं नाही.

फुटलेलं झाकण मात्र मी आत्ताच, गेल्या महिन्यात, पहिल्यांदा कामाला काढलं. चिरेच्या एका बाजूच्या तुकड्यावरच्या पट्ट्या अजून काढलेल्या नाहीत, त्या तशाच ठेवायच्या आहेत. दुसऱ्या बाजूच्या तुकड्यापासून त्या सोडवल्या आणि तो तुकडा वेगळा करून, टेबलावर घेऊन रंधा फिरवला. नऊ वर्षांच्या धुळीखालून पहिली ढलपी निघाली, कागदाएवढी पातळ, गोल गुंडाळलेली, आणि वास आला. मी टोक घासलं. कमानी स्पष्ट होत्या. तेव्हाही त्या तिथेच होत्या. कमानी जिथे कडेकडे उतरतात तिथून बोटभर रुंदीच्या पट्ट्या काढल्या तर कड्या जवळजवळ उभ्या येतात, खणांच्या कडांना पुरतील इतक्या. पेन्सिलीने आखून घेतलं आहे. यंत्र म्हणतंय 9 टक्के.